दादांची रजामंदी

हैदराबादच्या दवाखान्यात दादांच्या अंगठ्याला शाई लावून तो ज्यानं कागदावर उठवून घेतला, तो मी. हे आधीच सांगून टाकतो. पुढं मी कितीही सारवासारव केली, तरी सांगणारा माणूस कसा आहे ते वाचणाऱ्याला ठाऊक असलेलं बरं.

वडिलांना आम्ही दादा म्हणत असू. आमचं गाव हिंगोलीकडचं, डोंगरकडा गावाच्या बाजूचं. घरी कोरडवाहू जमीन, विहिरीच्या पाण्यावर थोडी हळद, दोन बैलजोड्या. पण पंचक्रोशीत दादांना ओळखत ते दुसऱ्याच कामासाठी. ते बैल बडवत. गोऱ्हा अंगात आला की मारका होतो, औताला धड चालत नाही. मग त्याला दोरांनी आडवा पाडून, दोन लाकडांमध्ये शिरा धरून खच्ची करावा लागतो. काम ऐकायला क्रूर वाटतं, पण शेती त्यावरच चालायची. चुकीचा हात पडला तर जनावर सुजून मरे. दादांच्या हातून एकही मेलं नाही असं लोक सांगत, आणि कुरुंद्याहून, गोरेगावहून माणसं आपले गोऱ्हे चालवत आमच्या दारी आणत. दादा त्याचा पैसा घेत नसत. नारळ आणि पान-सुपारी एवढंच घेत.

मला त्या कामाची लाज वाटे. हिंगोलीच्या शाळेत पोरांनी मला त्यावरून सळो की पळो करून सोडलं होतं. काय काय म्हणत ते इथं लिहिण्यासारखं नाही. पुढं तहसील कचेरीत कारकून झाल्यावर मी सोबतच्या मंडळींना सांगून ठेवलं, की वडील जनावरांचे वैद्य आहेत. एकदा दादा मला भेटायला थेट कचेरीत आले. खांद्यावर दोरांचं वेटोळं, धोतराला चिखल. मी त्यांना पायरीवरच गाठलं आणि बाहेरच्या बाहेर वाटेला लावलं. दादांना त्यात काही वावगं वाटलं नाही. सरकारी काम आहे, पोरगं घाईत असणार, असं ते आईला सांगत होते म्हणे. माझ्या उर्दूचं तर त्यांना कोण कौतुक. बाजारात कुणी भेटलं की, "आमचं पोरगं उर्दू लिवतं. सायब तोंडातून काढतो न काढतो तर याचं लिवून झालेलं," असं मी शेजारी उभा असताना सांगत, आणि मी दुसरीकडे बघत राही.

निजामाचं राज्य जायला दोन-अडीच वर्षं राहिली असतील. हरभऱ्याच्या काढणीला दादांची कंबर धरली. आईनं तेल कोमट करून चोळलं, शेकलं, विटेचे चटके दिले. लघवीलाही त्यांना वेळ लागू लागला होता, पण ते कुणाला सांगतात! शेताच्या बांधावर जाऊन कितीतरी वेळ पाठमोरे उभे राहत, एवढं आईनं पाहिलं होतं. तिनं मला निरोप धाडला. मी उलट निरोप दिला, की वसुलीचे दिवस आहेत, कचेरीत काम फार, पुढच्या महिन्यात येतो.

पुढचा महिना यायच्या आत लघवी साफ तुंबली. बैलगाडीत कडबा अंथरून, वर गोधडी टाकून त्यांना हिंगोलीला आणलं, तेव्हा पोट नगाऱ्यासारखं ताणलं होतं आणि ओठ दातांखाली धरून ते फक्त "आलो का रं?" एवढंच विचारत होते. सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरनं नळी घातली. मग हातमोजा चढवून आतून तपासलं. मी पडद्याबाहेर भिंतीकडे तोंड करून उभा होतो. दादांच्या तोंडून बारीकसा आवाज आला, आणि मला दया यायच्या आधी लाज आली. माझ्या बापाला असं कुणी हात लावतंय, आणि बाहेर बसलेल्या चार लोकांना ते कळतंय, ह्याची. डॉक्टर बाहेर आले, हात धुतले आणि हैदराबादला न्या म्हणाले. आत बोटाला लागलेली गाठ त्यांना चांगली वाटत नव्हती.

हैदराबादचा प्रवास मी सांगत नाही. नळी, तिला बांधलेली बाटली, तिच्यावर झाकलेलं उपरणं आणि गाडीतली गर्दी. कुणी बघू नये म्हणून उपरणं नीट करण्यात माझा सगळा जीव गुंतला होता. दादांना तहान लागलीय हे मला पूर्णा जंक्शन मागं पडल्यावर कळलं.

मोठ्या दवाखान्यातले डॉक्टर वयस्कर होते, बोलणं फार मऊ. त्यांनी हाडांचा फोटो काढायला लावला, तपासण्या झाल्या, आणि चौथ्या दिवशी मला खोलीत बोलावलं. दादांची खाट दाराच्या अगदी पलीकडे होती. दार उघडंच होतं. लघवीच्या पिशवीखाली पुरुषाला एक गाठ असते, ती दादांची दगडासारखी झाली होती. डॉक्टर म्हणाले, "सरतान." आमच्याकडे तेव्हा कॅन्सर हा शब्द कुणाच्या कानावर नव्हता. सरतान मी पुस्तकात वाचला होता; तो माणसांना होतो आणि आपल्या माणसांना होतो, हे मला नवीन होतं. फोटोत कमरेच्या मणक्यांवर पांढरे डाग होते. रोग हाडांत उतरला होता. बरा होणार नव्हता.

पण एक उपाय होता. नवा होता, दोन-चार वर्षांतच निघालेला. ही गाठ पुरुषाच्या अंगातल्या रसावर पोसते. तो रस जिथून येतो, ते दोन्ही गोळे काढून टाकले की गाठ सुकते. दुखणं उतरतं, लघवी पुष्कळदा मोकळी होते, वर्ष-दोन वर्षं मिळतात. काय काढायचं ते डॉक्टरांनी अगदी साध्या शब्दांत सांगितलं, तरी मी पुन्हा विचारलं. त्यांनी पुन्हा सांगितलं. मग म्हणाले, "वालिदसाहब को सब साफ समझा दीजिए. उनकी रजामंदी के बगैर मैं हाथ नहीं लगाऊंगा."

बाजारातलं दखनी उर्दू दादांना कळायचं. बैल किती दाती, पाणी कुठं, बस, ऊठ, एवढं. डॉक्टरांचं उर्दू त्यांच्या डोक्यावरून जात होतं. ते खाटेवरून माझ्या तोंडाकडे बघत होते, डॉक्टरांच्या नव्हे. मी बाहेर आलो तसं त्यांनी उठून बसायचा प्रयत्न केला.

"काय म्हणला?"

"लघवीची वाट बुजलीय. ती मोकळी करायची म्हणतेत. लहानसं ऑपरेशन हाय."

"लई वेळ बोलत होता की."

"तेच. समजावून सांगत होते."

"आणखी काय न्हाई?"

"न्हाई, दादा."

"मंग कर म्हण," ते म्हणाले आणि आडवे झाले.

मी असं का केलं, ह्याची उत्तरं मी नंतर पुष्कळ तयार केली. बापलेकात कमरेखालचं कधी बोललं जात नाही, हे एक. ऐकलं तर ते नको म्हणतील, गाडीत बसून गावी मरायला जातील, हे दुसरं. हे मी सगळ्यांना सांगे, बायकोला, आईला, स्वतःलाही. खरं कारण ह्यांच्या खाली दडलेलं होतं आणि ते फार घाणेरडं होतं. खोलीत डॉक्टर बोलत असताना माझ्या डोळ्यांपुढं दादा नव्हते. गावच्या पारावरची माणसं होती आणि कचेरीतली मंडळी होती. सगळ्या मुलखाचे बैल बडवणाऱ्यालाच शेवटी बडवलं, असं म्हणून ती हसत होती. मला माझ्या बापाचा जीव वाचायला हवा होता, पण कुणाला कळायला नको होतं. त्या "कुणाला"मध्ये मी दादांनाही धरलं.

कागद उर्दूत होता. त्यावर सगळं स्पष्ट लिहिलं होतं. परिचारकानं शाईची डबी आणली, मी दादांचा अंगठा धरला. जाड, भेगाळलेला अंगठा, दोरानं घट्टे पडलेला. डॉक्टरांनी मला विचारलं, समजावलं ना? मी जी हां म्हणालो. दादा कौतुकानं माझ्याकडे बघत होते. त्यांच्या पोराला मोठ्या डॉक्टरशी असं फाडफाड बोलता येत होतं.

ऑपरेशननंतर तिसऱ्या दिवशी पट्टी बदलली. मी दूध आणायला गेलो होतो. परत आलो तर दादा भिंतीकडे तोंड करून पडलेले. मी पेला तोंडाशी नेला, त्यांनी तो हातानं बाजूला केला. मग तसंच भिंतीकडे बघत म्हणाले,

"तुला ठावं होतं?"

"व्हय."

"कवा?"

"आधीपासून."

त्यांनी तोंड वळवलं. मला वाटलं होतं ते चिडतील, शिव्या देतील. तसं झालं असतं तर मी पाय धरून मोकळा झालो असतो. ते नुसते थकलेले दिसत होते.

"आडवा पाडला की मी जनावराच्या कानात सांगतो, लेकरा. काहून पाडलं, काय करून राहिलो. त्याला कळतंय का न्हाई देव जाणे. पर सांगितल्याबिगर मी लाकूड हातात घेत न्हाई. तुला तर बोलता येतंय."

मी म्हणालो, तुमी नको म्हणला असता म्हणून. दादा म्हणाले,

"मी काहून नको म्हणंन? हजार जनावरं केली. त्यानं मरत न्हाई कुणी, हे माझ्यापेक्षा जास्त कुणाला ठावं हाय? इचारलं असतंस तर व्हय म्हणलो असतो."

इतकी वर्षं झाली, पण त्यांचं हे शेवटचं वाक्य आठवलं की आजही मी जिथं असेन तिथं मान खाली घालतो. माझ्या सगळ्या सबबी त्यानं एका झटक्यात उघड्या पाडल्या.

दुखणं मात्र खरोखर उतरलं. आठ दिवसांत ते कंबर न धरता उठू लागले, पंधरवड्यात नळी निघाली. परतीच्या गाडीत ते खिडकीपाशी बसून शेतं बघत होते आणि कुठल्या शिवारात ज्वारी चांगली झाली असणार ते मला सांगत होते. माझ्याशी बोलणं त्यांनी बंद केलं असतं तर मला सोसलं असतं. पूर्वीसारखंच बोलत होते. फक्त स्टेशनवरच्या पाटीवर काय लिहिलंय, हे त्यांनी मला एकदाही विचारलं नाही. जाताना प्रत्येक पाटी माझ्याकडून वाचून घेतली होती.

गावात पोचलो तर पारावर माणसं बसलेली. मी गाडी पुढं दामटायला सांगत होतो. दादांनी थांबवायला लावली. कुणीतरी विचारलं, काय केलं म्हणे हैदराबादेत? मी तोंड उघडायच्या आत दादांनी सांगितलं. सरळ, जसं केलं तसं, बैलाला म्हणतात तोच शब्द वापरून. मग एकजण फिस्सकन हसला, आणि दादाच त्याच्याबरोबर हसले. "आता मला औताला जुंपा," म्हणाले. मी गाडीत दोन्ही हातांनी कठडा धरून बसलो होतो. ज्याला भिऊन मी ते सगळं केलं, ते एवढंच होतं. आठवड्याभरात वरच्या आळीतला एक म्हातारा हळूच दादांकडे येऊन गेला. त्यालाही लघवीचा त्रास होता, आणि दादांनी त्याला बांधावर उभं राहत बसू नको, वेळेत दाखव, असं अर्धा दिवस समजावलं.

आईला मी दवाखान्यातून वाट मोकळी केल्याचं कळवलं होतं. तिला खरं दादांनीच सांगितलं. मधूनच त्यांच्या अंगातून वाफा निघत, चेहरा लाल होई, घामानं सदरा भिजे. डॉक्टरांनी हेही मला सांगितलं होतं आणि हेही मी कुणाला सांगितलं नव्हतं. आई सूप घेऊन वारा घालत बसे. "पाळी जाताना मला यायच्या तशाच हायेत की ह्या," म्हणाली एकदा, "तवा तुमी म्हणायचा, काय सोंग करून राहिली." दादा डोळे मिटून म्हणाले, "घाल वारा, चुकलो." दोघं हसू लागली. मी उंबऱ्यावर होतो. त्या घरात लपवायचं काही उरलं नव्हतं, आणि लपवणारा तेवढा मी बाहेर बसलो होतो.

त्यानंतर दादांनी गोऱ्ह्यांचं काम केलं नाही. कमरेत जोर नाही म्हणत. मी ते खरं धरून चाललो, कारण तसं धरणं सोपं होतं.

वर्ष-सव्वा वर्ष बरं गेलं. मग दुखणं परत आलं, आता मांड्यांत आणि बरगड्यांत. पाय उचलेनासे झाले. मी त्यांना हिंगोलीत माझ्या भाड्याच्या घरी आणलं आणि ह्या वेळी रजा टाकली. हगणं-मुतणं, कूस बदलणं, पाठीला एरंडेल लावणं, सगळं मी करत होतो. बायकोला हात लावू देत नव्हतो. शेजारी म्हणत, मुलगा असावा तर असा. मला ते ऐकताना कानकोंडं होई. दादा अवघडत नव्हते. लहान मुलासारखे हात माझ्या गळ्यात टाकत. मला वाटू लागलं होतं, की मिटलं. आपण एवढं करतोय, म्हणजे फिटलं असणार.

एका सकाळी दवाखान्यातले डॉक्टर टांग्यातून घरी आले. नवे होते, उत्तरेकडचे, मराठीचा गंध नव्हता. टांगेवाला आमच्याच वस्तीच्या मागं राहणारा एक मुसलमान म्हातारा. त्या दिवसांत गावातली हवा बिघडू लागली होती, एकमेकांच्या घरात जाताना माणसं आता दोनदा विचार करत, पण आम्हाला पाहून सलाम करणं त्यानं सोडलं नव्हतं. डॉक्टरांनी दादांना तपासलं, पायाला टाचणी टोचून पाहिली, पाठीवर बोटं फिरवली. मग ते बोलायला माझ्याकडे वळले.

"थांब," दादा मला म्हणाले. "टांगेवाल्याला आत बोलाव."

मला आधी कळलं नाही. वाटलं, पाणीबिणी द्यायचं असेल.

"त्याला बोलाव. आणि तू घोड्यापाशी थांब. बिनमालकाचं घोडं उभं राहत न्हाई."

आवाजात राग नव्हता. मला वाटतं, मला लागू नये म्हणून घोड्याचं त्यांनी मुद्दाम सांगितलं. मी बाहेर गेलो. टांगेवाला माझ्याकडे आणि दाराकडे बघत होता. मी म्हणालो, तुमको बुलाया. त्यानं लगाम माझ्या हातात दिला, वहाणा काढल्या आणि आत गेला. सकाळची वेळ, रस्त्यानं माणसं जात होती, कचेरीतलेही दोघं गेले. तहसीलचा उर्दू कारकून स्वतःच्या दारात परक्याचं घोडं धरून उभा होता. आतून टांगेवाल्याचा आवाज येत होता. त्याचं मराठी मोडकं. डॉक्टर एक वाक्य बोलत, तो थांबे, शब्द शोधे आणि मग दादांना सांगे. एकदा अडखळला तेव्हा दादा म्हणाले, "सांग बाबा, ते काय म्हणला ते सगळं सांग." मी कान बंद करू शकलो असतो. केले नाहीत, पण मला सगळं ऐकूही आलं नाही.

डॉक्टर बाहेर आले आणि टांग्यात बसले. मागोमाग टांगेवाला आला. त्याचे डोळे ओले होते. लगाम घेताना तो माझ्याकडे न बघता म्हणाला, "जाओ साब, बुला रहे."

दादा उशीला टेकून बसले होते. मला जवळ बसवलं.

"रोग मणक्यात गेलाय," ते म्हणाले. "पाय आता येणार न्हाईत. महिना, फार तर दोन. शेवटी शेवटी भान राहणार न्हाई, मी काहीबाही बोलंन, तवा भिऊ नको. दुखलं तर सुई देतो म्हणला. आईला आजच गावाहून आणून घे." थोडं थांबून, मी ऐकतोय ना ते त्यांनी पाहिलं. "तुला माहीत असलं पायजे म्हणून सांगून राहिलो. आणखी काय इचारायचं आसंल तर इचार, मी सांगतो."